सहीचं कार्ड

"सगळं टाकलंस ना गं आत?" म्हाताऱ्या ज्युलियानं विचारलं, आणि विनी मॉन्गननं जाळाकडे बघत सांगितलं, "सगळं टाकलं, आई."

खोटं होतं ते. विनी काही खोटारडी बाई नव्हती, पण सासूच्या तोंडावर, नवऱ्याच्या घराच्या जाळासमोर उभी राहून ती खोटं बोलली, आणि बोलताना तिचा हात आपसूक झग्याच्या गळ्याशी गेला. आत, छातीशी, एक दुमडलेलं हिरवं कार्ड होतं.

आम्हा फिरस्त्यांत माणूस गेला की त्याचं चाकांवरचं घर जाळतात. त्याचे कपडे, बूट, चहाचा कप, बिछाना, घोड्याचा लगाम, सगळं त्यातच. पक्क्या घरांतले लोक लांबून धूर बघतात आणि म्हणतात, बघा, चांगली धड गाडी जाळली मूर्खांनी, आणि आता येतील सरकारच्या दारात हात पसरायला. म्हणोत बापडे. गेलेल्याची एक जरी वस्तू मागे राहिली तर ती शोधायला तो येतो आणि येतच राहतो, हे त्यांना कोण सांगणार? त्याचं नावसुद्धा आम्ही तोंडातून काढत नाही. मीही काढणार नाही. या गोष्टीत दुसरे ते नाव घेतील, मोठमोठ्यानं घेतील, पण मी तुम्हाला ते सांगायची नाही.

तर तो नोव्हेंबरात गेला. एकोणचाळीस वर्षांचा होता. भंगार गोळा करत चार दिवस पावसात भिजला, छातीत पाणी झालं, आणि इस्पितळात नेईपर्यंत ओठ निळे पडले. जिथं माणूस गेला तिथं आमची माणसं राहत नाहीत, म्हणून जाळ विझल्यावर विनी चार पोरं घेऊन पलीकडच्या परगण्यात, दलदलीच्या रस्त्याकडेला, सासूच्या तळावर आली. दिरानं एक जुनी गाडी उसनी दिली. छप्पर गळकं, दाराला कडी नाही. पण डोक्यावर काहीतरी होतं.

पोटात मात्र काही नव्हतं. इतकी वर्षं बेकारभत्ता नवऱ्याच्या नावावर मिळायचा, त्यातच बायकोपोरांचं धरलेलं असायचं. तो गेला आणि सगळंच गेलं. राहिली ती विधवा पेन्शन. ती मिळाली तर पोरं हिवाळा काढणार होती, नाही तर नाही, इतकं सरळ होतं.

आणि म्हणूनच ते कार्ड. विनीची बहीण तीन वर्षांपूर्वी विधवा झाली होती. रीतीप्रमाणे तिनं सगळं जाळलं आणि ऑफिसात गेली, तर साहेब म्हणाला, नवरा होता याला पुरावा काय? बारा महिने तिला हेलपाटे घालायला लावले. बारा महिन्यांत तिचं एक लेकरू गेलं. विनी ते विसरली नव्हती. नवऱ्याचं सहीचं कार्ड, ज्यावर त्याचा नंबर होता आणि जे दर गुरुवारी भत्त्याच्या खिडकीत दाखवायचं असे, ते तिनं सामान काढताना झग्यात सरकवलं. मनात हिशेब साधा होता. एकदा खिडकीत दाखवायचं, काम झालं की आणून जाळायचं. आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न. आठ-पंधरा दिवस थांबेल की तो.

त्या कार्डावर त्याची सही होती, हेही सांगायला हवं. जन्मभर तो फुली मारत आला होता. थोरली किट्टी, वय वर्षं नऊ, शाळेत चार अक्षरं शिकली आणि तिनं बापाला गेल्या हिवाळ्यात समोर बसवून त्याचं नाव गिरवायला लावलं. तोंडातून जीभ बाहेर काढून तो गिरवायचा. फुलीच्या जागी नाव असलेलं हे त्याचं पहिलंच कार्ड. सही केली त्या दिवशी जुन्या गावच्या खिडकीतला साहेब म्हणाला होता, "अरे वा, माकड लिहायला लागलं." नवरा हसला होता, टोपी हातात धरून. घरी आल्यावर मात्र जेवला नाही.

गेल्यानंतर बापाला पहिल्यांदा पाहिलं ते धाकट्या ओनीनं. ओनी तीन वर्षांचा, त्याला मेलेला माणूस आणि घोडेबाजाराला गेलेला माणूस यांतला फरक कळत नव्हता. सकाळी विनी किटलीत पाणी ओतत होती, तेवढ्यात तो बाहेरून आला आणि म्हणाला, "बाबा चाकाखाली बघतोय."

"कोण बघतोय?"

"बाबा. त्याचं काहीतरी हरवलंय."

विनीच्या हातून किटली सुटली. ती बाहेर धावली. चाकाखाली कोणी नव्हतं, पण गवतावरचं दव पुसलेलं होतं, गाडीभोवती पूर्ण एक फेरा. तिनं पवित्र पाण्याची बाटली काढली, उंबऱ्यावर शिंपडलं, पोरांच्या कपाळाला लावलं. ओनीला दटावलं की पुन्हा असं बोलायचं नाही.

मग तिलाही तो दिसू लागला. भर दिवसा. कुंपणावर कपडे वाळत घालताना पाहिलं तर भंगाराच्या ढिगापाशी तो पाठमोरा वाकलेला, एक एक पत्रा उचलून खाली बघतोय. दुसऱ्या दिवशी सरपणाच्या मोळीजवळ. त्याच्या पुढच्या दिवशी, ती बटाटे सोलत असताना, गाडीच्या आत, पोरांच्या पांघरुणांच्या घड्या उलगडताना. तो भेसूर दिसत नव्हता. तिच्याकडे बघतही नव्हता. आत्ता इथं ठेवलेली वस्तू सापडेना की माणूस जसा गोंधळून चाचपतो, तसा चाचपत होता. त्याचं ते गोंधळलेपण विनीला बघवत नव्हतं. भीतीपेक्षा तिला त्याची कीव यायची, आणि आपली लाज.

"थांब रे जरा," ती हळूच म्हणायची. "दोन गुरुवार थांब. मग देते."

सासूला तिनं काही सांगितलं नाही. पण ज्युलियाला दिसत नव्हतं असं थोडंच आहे? म्हातारी आई होती त्याची. एक दिवस चूल फुंकता फुंकता ती म्हणाली, "तो स्वस्थ नाही गं. काहीतरी राहिलंय. तुला नक्की आठवतंय ना, सगळं टाकलं होतं?"

"टाकलं होतं, आई."

"कंगवा? तंबाखूची डबी?"

"तीसुद्धा."

म्हातारी पुन्हा चूल फुंकू लागली. विनीनं मान वर केली नाही.

गुरुवारी सकाळी दहा ही आमची वेळ. इतर लोक आठवडाभर कधीही पुढच्या दारानं जातात, आत खुर्च्या आहेत, शेगडी आहे. आम्हाला बाजूच्या बोळातली खिडकी, गुरुवार, दहा ते अकरा. सगळ्या गावांत तोच वार आणि तीच वेळ, म्हणजे कोणी एका गावात सही करून दुसऱ्या गावात पुन्हा सही करायला नको. आम्ही सगळे चोर, हे त्यांनी आधीच धरलेलं, नियम मग त्यावर बेतलेला.

खिडकीत हेफर्नन नावाचा साहेब बसायचा. बारीक मिशी, लोकरीचा गळपट्टा, कोटाला चर्चचा बिल्ला. ज्युलिया विनीबरोबर साक्षीला आली होती. मागे आमचीच वीस-बावीस माणसं भिंतीला लागून उभी होती.

"नाव सांग," हेफर्नन म्हणाला.

"विनी मॉन्गन."

"तुझं नाही, मेलेल्याचं."

विनी घुटमळली. "माझा गेलेला माणूस, साहेब."

"त्याला नाव होतं की नव्हतं? की तुमच्यात शिट्टी मारून बोलावतात?"

रांगेतली माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली. विनी खिडकीत वाकली आणि ऐकू येईल न येईल असं तिनं नाव सांगितलं. हेफर्नननं ते मोठ्यानं उच्चारलं. मग लिहिताना पुन्हा उच्चारलं. मग आतल्या माणसाला विचारायला तिसऱ्यांदा, अगदी लांबच्याला हाक मारावी तसं. ज्युलियानं छातीवर क्रूसाची खूण केली. बोळाच्या तोंडाचं फाटक करकरत उघडलं, वाऱ्यानं असेल, पण कोणी वळून बघितलं नाही.

हेफर्नन फोन करायला आत गेला. दाराच्या फटीतून पुढच्या दालनातल्या दुसऱ्या साहेबाचा आवाज येत होता. "बसा ना, मिसेस डेली. कागद नसले तरी चालतील, मला ठाऊक आहेत तुमचे मिस्टर. फार वाईट झालं." मिसेस डेलीचा नवराही नोव्हेंबरातच गेला होता.

हेफर्नन परत आला तेव्हा त्याच्या मिशीला बिस्किटाचा भुगा होता आणि तो चक्क खुशीत होता.

"अभिनंदन," तो म्हणाला. "तुझा नवरा ठणठणीत आहे. तुमच्या जुन्या गावी गेल्या गुरुवारी दहा वाजून पाच मिनिटांनी सही करून गेलाय."

विनीनं खिडकीची फळी घट्ट धरली. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्या मनात दुसरं काहीच आलं नाही. तिला दिसलं ते एवढंच, की हा आपला माणूस त्या जुन्या खिडकीत टोपी हातात धरून उभा आहे आणि कार्डासाठी खिसे चाचपतोय.

ज्युलियानं तिचा दंड धरला. "तो तांबडा असेल, साहेब," म्हातारी म्हणाली. "माझ्या दिराचा मुलगा. दोघांना एकाच आजाचं नाव ठेवलंय. केस तांबडे म्हणून आम्ही त्याला तांबडा म्हणतो. माझा गेला, दिराचा आहे."

"छान. म्हणजे माणसं दोन, नाव एक. आणि मेला कोण ते तुम्ही ठरवणार."

"हा मृत्यूचा दाखला आहे ना," विनी म्हणाली.

"दाखला त्या नावाच्या कुणाचाही असेल. पत्ता तर बघ काय आहे, रस्त्याच्या कडेला. आहे का ती गाडी तिथं? बघायला माणूस पाठवू?"

"नाही. जाळली."

"कुणी जाळली?"

"आम्ही."

हेफर्नननं पेन खाली ठेवलं. "स्वतःचं घर स्वतः जाळलंत, कागदपत्रांसकट. आणि आता सरकारनं पैसे द्यायचे. बाई, मी इथं अकरा वर्षं बसतोय. एवढी थाप अजून कोणी मारली नव्हती."

"त्या तांबड्याला घेऊन येते, साहेब. तुम्ही स्वतः बघा."

"आण की. गुरुवारी दहाला आण."

रांगेत कोणीतरी कडवट हसलं. गुरुवारी दहाला तांबड्याला त्याच्या गावच्या खिडकीत उभं राहावं लागे. इथं आला तर त्याचा भत्ता बुडाला. आणि इतर कुठल्या दिवशी ही खिडकी आमच्यासाठी उघडत नव्हती. फादरांचं पत्र आणते म्हटलं तर हेफर्नन म्हणाला, फादर भोळे आहेत, तुम्ही मागाल ते लिहून देतात.

"मेलेल्याचं स्वतःचं कार्ड आण," तो शेवटी म्हणाला. "त्यावरच्या नंबरावरून कळेल दोन माणसं आहेत की एक. नसेल तर माझा वेळ खाऊ नकोस."

कार्ड छातीशी होतं. हात घालायचा आणि काढायचं, एवढंच. पण शेजारी ज्युलिया उभी होती, तिनं विनीचा दंड धरलेला होता, आणि मागे वीस माणसं. जाळासमोर बोललेलं खोटं इतक्या जणांत उघडं पडणार होतं. विनीची छाती झाली नाही. "नाही माझ्याकडे," ती म्हणाली, आणि दोघी चार मैल चालत तळावर परत आल्या.

तो आठवडा विनीनं कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. तळावरच्या लोकांनी होतं त्यातलं दिलं, पण त्यांच्याकडे तरी होतं काय? गळक्या छपराखाली ओनीला खोकला लागला. बापाचा होता तसाच, खोल, ओला खोकला. आणि बाप दिवसभर अवतीभवती. आता तो गाडीतून बाहेर जाईचना. डबे उघडायचा, गादी उचलायचा, किट्टीचं दप्तर चाचपायचा. किट्टी एक दिवस बापासमोर बसली, हो, समोरच, आणि म्हणाली, "बाबा, काय शोधताय ते सांगा ना, मी शोधून देते." विनीनं ते ऐकलं आणि ती गाडीमागे जाऊन ओक्साबोक्शी रडली.

पुढच्या गुरुवारी सासू पुन्हा निघाली. विनी म्हणाली, "तुम्ही नका येऊ, आई, गुडघे दुखतात तुमचे."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? नातवंडं उपाशी आहेत माझी." आणि म्हातारी पुढे चालू लागली.

खिडकीशी हेफर्नननं मान वर न करताच विचारलं, "आणलंस कार्ड?"

विनीनं झग्यात हात घातला. कार्ड काढलं. महिनाभर अंगाशी राहून ते ओलसर आणि कोमट झालं होतं, त्याच्या तंबाखूचा वास अजून त्याला होता. तिनं ते फळीवर ठेवलं.

 ज्युलियानं कार्डाकडे बघितलं, मग विनीकडे. तिचा दंडावरचा हात निघाला.

"तू ठेवून घेतलंस त्याला," म्हातारी म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "मी इतके दिवस बघतेय माझ्या पोराचे हाल, आणि ते तुझ्या छातीशी होतं."

"पोरांसाठी, आई."

ज्युलिया रांगेतून बाहेर पडली आणि एकटीच तळाच्या वाटेला लागली.

हेफर्नननं नंबर ताडून बघितला. मग दुसऱ्या कागदाशी पुन्हा ताडला. चूक सापडली नाही याचं त्याला वाईट वाटल्यासारखं दिसलं. "ठीक आहे," तो म्हणाला, आणि कार्ड टाचणीनं फाईलला लावलं.

"ते मला परत—"

"चौकशी चालू आहे. पुढचा."

पेन्शन मंजूर झाल्याचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. किट्टीनं अडखळत वाचून दाखवलं. पत्रात एक अट होती. बाकीच्या विधवांना टपाल कचेरीतून पैसे मिळतात, पण विनीनं दर गुरुवारी दहाला खिडकीत हजर राहून घ्यायचे, म्हणजे ती परागंदा झाली नाही याची खात्री राहील. राहीना का हजर. विनीनं बेकन आणलं, कोबी आणला, ओनीला डॉक्टरकडे नेलं, छपराला डांबर लावून घेतलं. पोरांच्या गालांवर हळूहळू रंग आला.

आणि गाडीतली चाचपणी थांबली. ज्या दिवशी कार्ड फाईलला लागलं त्या दिवसापासून तो तळावर आला नव्हता. सकाळी दव जसंच्या तसं असायचं. ज्युलिया तिच्याशी बोलत नव्हती, पण विनी मनाशी म्हणायची, गेला असेल, सुटला असेल. सरकारकडे गेली ती वस्तू आपली कुठं राहिली?

पहिला हप्ता घ्यायला ती गेली तेव्हा खिडकी अजून उघडायची होती. माणसं जमत होती. विनीनं सहज मागे बघितलं आणि रांगेत तो उभा होता.

टोपी काढून दोन्ही हातांत धरलेली. मान थोडी खाली. खिडकीपुढे तो जन्मभर जसा उभा राहिला, अगदी तसाच. आता तो काही शोधत नव्हता, नुसती आपली पाळी यायची वाट बघत होता. खिडकी उघडली. रांग पुढे सरकली, तसा तोही सरकला. खिडकीशी पोचला. हेफर्नननं त्याच्या मागच्याला बोलावलं. तो बाजूला झाला आणि शेवटी जाऊन पुन्हा उभा राहिला. अकरा वाजेपर्यंत असं चार वेळा झालं.

 या जगात त्याला सगळ्यात नकोशी जागा कुठली होती? ही. अकरा गावांच्या अशा अकरा खिडक्यांसमोर तो उभा राहिला होता, आणि दर गुरुवारी घरी येऊन तासभर घोड्याशी बोलत बसायचा, माणसांशी नाही. आणि तिनं त्याला नेमकं इथं आणून टाचणीनं टाचलं होतं.

पुढच्या गुरुवारी पैसे घ्यायच्या आधी ती म्हणाली, "साहेब, ते कार्ड मला परत हवंय."

"कशाला?"

"जाळायचंय."

हेफर्नन खुर्चीत मागे रेलला. "पुरावा जाळायचा. आणि महिन्याभरानं तेच कार्ड घेऊन दुसरी कोणी विधवा येणार, पलीकडच्या गावात."

"तुमच्यासमोर जाळते. आत तुमची शेगडी आहे ना, तिच्यात तुम्हीच टाका. मला हातात पण देऊ नका."

त्यानं आतल्या शेगडीकडे बघितलं. मग त्याच्यातला साहेब जागा झाला. त्यानं फाईल काढली, कार्ड टाचणीतून सोडवलं आणि फळीवर ठेवलं. शेजारी एक कोरा कागद ठेवला, आणि पेन.

"कार्डाशिवाय फाईल अपुरी. फाईल अपुरी तर पेन्शन नाही. अर्ज मागे घेते म्हणून इथं फुली मार, कार्ड उचल आणि जा. तुझी मर्जी."

कार्ड तिच्यापासून वीतभर अंतरावर होतं. विनीच्या डाव्या हाताला थंडी जाणवली. तो शेजारी येऊन उभा होता. कार्डाकडे बघत होता, स्वतःच्या सहीकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा तो गोंधळ गेला होता. मग त्यानं विनीकडे बघितलं. गेल्यापासून पहिल्यांदाच.

तिनं पेन उचललं. एक फुली मारायची होती. फुली मारली की दुपारपर्यंत तो मोकळा. आणि दुपारनंतर? ओनीचा खोकला अजून पुरता गेला नव्हता. जानेवारी अर्धा बाकी होता. बहिणीचं लेकरू फेब्रुवारीत गेलं होतं, हे तिला आठवलं, आणि त्याची ती एवढीशी पेटी.

तिनं पेन खाली ठेवलं.

"माफ कर रे," ती त्याला म्हणाली, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. "तू गेलास. पोरं अजून आहेत."

मग हेफर्ननला म्हणाली, "लावून ठेवा, साहेब."

"मला वाटलंच होतं," हेफर्नन म्हणाला, आणि टाचणी पुन्हा कार्डात घातली. तिला काय वाटलं, हे त्याला कधी कळायचं नव्हतं. त्याला वाटलं, आपण एक लबाडी पकडली.

विनी तळावर आली आणि सरळ सासूच्या गाडीत गेली. जे झालं ते तिनं सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. फुली मारली नाही हेही सांगितलं. म्हातारीनं शेगडीत एक लाकूड सारलं. विनीला वाटलं, आता ही हाकलून देणार. ज्युलियानं शेवटी एवढंच विचारलं, "टोपी घालतो का तो, की हातातच असते?"

"हातात असते, आई."

म्हातारीनं शालीच्या टोकानं डोळे पुसले आणि चहा ठेवला.

त्यानंतरच्या गुरुवारी ती विनीबरोबर निघाली. तिला सही करायची नव्हती की पैसे घ्यायचे नव्हते, तरीही निघाली. बोळात पोचल्यावर तिनं रांगेतल्या प्रत्येकाशी दोन शब्द हळू आवाजात बोलून घेतले. मग रांग लागली. सगळ्यांत पुढे विनी. तिच्यामागे एका माणसाची जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेमागे ज्युलिया, आणि तिच्यामागे बाकीचे. पुरुषांनी टोप्या काढल्या नव्हत्या. एरवी खिडकी उघडायच्या आधीच सगळ्यांच्या टोप्या हातात यायच्या, आज एकानंही काढली नाही.

खिडकी उघडली. हेफर्नननं विनीची सही घेतली, पैसे सरकवले आणि मान बाहेर काढून बघितलं.

"मध्ये जागा का सोडलीय? पुढे सरका."

कोणी हललं नाही.

"ऐकू येत नाही का? मला अकराला खिडकी बंद करायचीय. रिकामी जागा ठेवून उभे राहिलात तर सगळ्यांना परत पाठवीन. ए म्हातारे, तुला सांगतोय, सरक पुढे."

ज्युलियानं मोकळ्या जागेकडे बघितलं, मग साहेबाकडे.

"सरकते, साहेब," ती म्हणाली. "पण आधी याचं बघा. माझा मुलगा उभा आहे इथं."